बोल्ट बदलताना आधी जागा ओळखा

सुगी संपली की औजारे गोठ्याच्या पडवीला लागतात आणि पुढच्या हंगामापर्यंत तिथेच पडून राहतात. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर जोडला की मग कळते, रोटाव्हेटरच्या पात्याचा नट गंजून बसला आहे, पेरणी यंत्राच्या पेटीचा स्क्रू गळून गेला आहे. मग गडी मोटारसायकलवर तालुक्याला पळतो आणि दुकानात जो मापाला बसेल तो बोल्ट घेऊन येतो. काही शेतकरी बांधव जरा पुढचा विचार करतात. "एकदाच भारीतला टाकू, कटकट मिटेल," असे म्हणून सगळीकडे जाड किंवा चकचकीत बोल्ट घालतात.

विचार चांगला आहे, पण अर्धाच बरोबर आहे. बोल्टची कामे तीन. काही बोल्ट जोर धरण्यासाठी असतात, काहींना गंजाशी झुंजायचे असते आणि काही तर वेळ आली की तुटण्यासाठीच बसवलेले असतात. कोणता बोल्ट कोणत्या कामाचा, हे ओळखल्याशिवाय पाना हाती घेऊ नका.

डोक्यावरचे आकडे वाचा

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे उठवलेले असतात. त्यातला पहिला आकडा ताकद सांगतो. 8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलो ओढ सोसून मग तुटणारा. दुसरा आकडा सांगतो, की त्या ताकदीच्या किती हिश्श्यापर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. .8 म्हणजे 80 टक्के. हिशेबच करायचा तर 12 मिलिमीटरचा साधा 4.6 बोल्ट साडेतीन टनांच्या आसपास तुटतो, तर त्याच जाडीचा 8.8 बोल्ट पावणेसात टनांच्या पुढे जातो. दिसायला दोन्ही सारखेच!

डोक्यावर काहीच खूण नसेल, तर तो साधा बोल्ट समजावा. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरची पाती, ट्रेलरची कडी अशा ठिकाणी तो घालू नका. नटही तोडीस तोड हवा. 8.8 बोल्टला 8 खुणेचा नट घ्या, नाहीतर बोल्ट शाबूत आणि नटाचे आटे गेलेले, अशी गत होते.

सूत की मिलिमीटर?

आपल्याकडे जुन्या औजारांना सुती बोल्ट आहेत, नव्यांना मिलिमीटरचे. चार सुती म्हणजे अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. तो 12 च्या भोकात जात नाही. पण 12 चा बोल्ट चार सुती भोकात सहज जातो आणि आत खेळत राहतो. खेळणारा बोल्ट भोक लांबट करतो आणि पुढे वेल्डिंगचा खर्च मागे लागतो. 12 मिलिमीटरमध्येही दोन आट्यांमधले अंतर 1.75 आणि 1.25 असे जाड-बारीक प्रकार येतात. नट दोन-तीन फेरे हाताने सुरळीत फिरला पाहिजे. अडला तर पान्याने रेटू नका, आटे वेगळे आहेत असे समजा. दुकानात जाताना जुना बोल्ट नटासह खिशात टाकून न्यावा, हे उत्तम.

स्टेनलेस कुठे घालावा

द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांना बोर्डो मिश्रण नवे नाही. त्यातले मोरचूद लोखंडाला खाते, म्हणूनच ते लोखंडी भांड्यात कालवू नये असे सांगतात. फवारणी पंपाचे क्लॅम्प, टाकीचे स्क्रू, खताच्या पेटीचे बोल्ट यांनाही मोरचूद आणि खतांचे क्षार सोडत नाहीत. अशा जागी 304 जातीचे स्टेनलेस घालणे फायद्याचे ठरते. बसवताना आट्यांना ग्रीस जरूर लावा. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा आवळला, तर दोन्ही एकमेकांत असे धरतात की शेवटी बोल्ट कापावाच लागतो.

मात्र स्टेनलेस म्हणजे अधिक ताकद, हा गैरसमज काढून टाका. बाजारात सर्रास मिळणारा A2-70 खुणेचा स्टेनलेस बोल्ट 8.8 पेक्षा कमी जोर सोसतो आणि लवकर ताणला जातो. पंपाच्या टाकीला तो शोभतो, नांगराच्या फाळाला नाही.

तुटण्यासाठीच असलेला बोल्ट

आता सर्वांत महत्त्वाचे. काही रोटाव्हेटर आणि इतर यंत्रांच्या शाफ्टवर एक शिअर बोल्ट असतो. पात्यात दगड किंवा जुने मूळ अडकले, की तो तुटतो आणि झटका गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. किरकोळ किमतीचा बोल्ट महागाचा गिअरबॉक्स वाचवतो.

पण हा बोल्ट दोनदा तुटला, की आपण वैतागतो आणि तिथे 10.9 चा बोल्ट, नाहीतर लोखंडी सळईचा तुकडा ठोकतो. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो याचा अर्थ रानात दगड आहे, पाती बोथट आहेत किंवा खोली जास्त लावली आहे. दुखणे तिथे शोधा. बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा आणि खुणेचाच घाला, आणि दोन-चार जादा बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. बदलताना पीटीओ सोडवा, इंजिन बंद करा आणि चावी काढून खिशात ठेवा.

फिरत्या शाफ्टवर लांब बोल्ट नको

पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. तिथे अर्धा इंच बाहेर आलेले बोल्टचे टोक धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक पकडते, आणि हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तिथे नेमक्या लांबीचाच बोल्ट घाला. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले की पुरे. शाफ्टवरचे आवरण "मध्ये येते" म्हणून काढून ठेवले असेल, तर आजच परत बसवा.

हातपंपाचा धडा

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच सोलापूरची आहे. पूर्वीचे बिडाचे हातपंप घरगुती वापराचे असत. गावाचा भार आला की दांड्याचे खिळीचे सांधे झिजत आणि पंप बंद पडे. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या मंडळींनी ते सांधेच काढून टाकले. एकाच आसावर दांडा आणि त्याला साखळी, अशी रचना केली. सोलापूर पंपावरूनच 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क-2 तयार झाला आणि तो देशभर गेला. इथे नुसता जाड बोल्ट घातला नाही. झिजणारी जागाच बदलली, आणि खरी सुधारणा ती.

तरीही या पंपाला बोल्ट आहेतच. महिन्यातून एकदा फ्लँजचे बोल्ट आणि आसाचे चेक नट आवळा, साखळीला ग्रीस द्या. साखळी दांड्याला धरणारा बोल्ट हाय टेन्साइलचा आणि नट नायलॉकचा असतो. तिथे साधा बोल्ट घालू नका. नायलॉक नट उघडल्यावर त्यातल्या नायलॉनची पकड कमी होते. हाताने सहज फिरू लागला की तो फेकून द्या.

हंगामाआधी एवढे करा

एक सकाळ राखून ठेवा. प्रत्येक औजार धुऊन, पुसून, नट-बोल्ट हाताने तपासा. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री डिझेल किंवा तेल सोडा, सकाळी तो सुटतो. आवळताना पान्याला पाईप लावू नका. 12 मिलिमीटरच्या 8.8 बोल्टला एक फूट लांबीच्या पान्यावर साधारण 25 किलोचा जोर पुरतो. जास्त जोराने बोल्ट ताणला जातो आणि पहिल्याच झटक्याला दगा देतो. नवी पाती बसवल्यावर तासभर काम करा आणि थांबून पुन्हा एकदा आवळा.

शेवटी, जुना पत्र्याचा डबा घ्या. त्यात खुणेचे बोल्ट, जोडीचे नट, वायसर आणि शिअर बोल्ट वेगवेगळ्या पुड्यांत ठेवा आणि प्रत्येक पुडीवर औजाराचे नाव लिहा. पेरणीच्या ऐन वाफशावर तालुक्याच्या एका खेपेत जो दिवस जातो, तो पुन्हा कोणत्याच दुकानात मिळत नाही.