वीस टक्के म्हणजे नापास नव्हे

एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, ती म्हणजे देवबाग. इथे जागा मोजूनमापून वापरावी लागते. सोलर पॅनेलच्या कार्यक्षमतेचा हिशेबही मुळात जागेचाच आहे, पण तो आकडा परीक्षेच्या गुणांसारखा वाचला जातो. ‘21 टक्के’ म्हटलं की लगेच विचारणा होते, बाकीची 79 टक्के वीज जाते कुठे?

कुठेच जात नाही, कारण ती तयारच झालेली नसते. हे टक्के विजेचे नसून पडणाऱ्या उन्हाचे असतात.

पॅनेलच्या पाठीमागची पट्टी वाचून हे गणित कुणालाही करता येतं. समजा 540 वॉटचं पॅनेल 2.278 मीटर लांब आणि 1.134 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झालं सुमारे 2.58 चौरस मीटर. चाचणीत दर चौरस मीटरवर 1000 वॉट प्रकाश धरतात, म्हणजे पॅनेलवर साधारण 2583 वॉट पडले. 540 ला 2583 ने भागलं की येतात 20.9 टक्के. 17 टक्क्यांचं जुन्या धाटणीचं पॅनेल घेतलं तर 3 किलोवॉटसाठी साडेसतरा चौरस मीटर लागतील, याला साडेचौदाही पुरतात. वीज मात्र दोन्हींकडून जवळपास सारखीच मिळेल, दिवसाला सरासरी बाराएक युनिट. छप्पर ऐसपैस असेल तर जास्त टक्क्यांसाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

शंभर टक्के तर निसर्गच होऊ देत नाही. अवरक्त किरणांच्या बऱ्याच भागात सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करण्याइतकी ऊर्जा नसते, तर निळ्या किरणांत ती गरजेपेक्षा जास्त असते आणि वरची उष्णता होऊन जाते. एका थराच्या सेलची कमाल मर्यादा सुमारे 33 टक्के आहे. शॉकली आणि क्वायसर यांनी 1961 मध्ये या मर्यादेचं गणित मांडलं. बेल लॅब्सच्या 1954 च्या सेलने 6 टक्के गाठले होते, आज प्रयोगशाळेतल्या सिलिकॉनने 27 ओलांडले आहेत.

‘मे महिन्यात सोलर जोरात’ हेही अर्धंच खरं. पॅनेलला ऊन हवं, ताप नको. पट्टीवरचे वॉट सेलचं तापमान 25 अंश धरून लिहिलेले असतात. भर दुपारी सेल 60 अंशांवर गेला आणि दर अंशाला 0.35 टक्के घट धरली, तर 540 चे सुमारे 474 वॉट उरतात. छपरापासून थोडं उचलून बसवलेल्या पॅनेलखालून समुद्राचा वारा खेळतो, तेवढाच थंडावा.

माडांच्या गावात खरी मेख सावलीची. एक चुडत पॅनेलच्या कोपऱ्यावर आलं तर तेवढ्या कोपऱ्यापुरतीच वीज घटेल असं वाटतं. पण सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एक अडला की त्याच्या ओळीचा प्रवाह अडतो. बायपास डायोड ती ओळ वगळतो, तरी साधारण तिसरा हिस्सा हातचा जातो. डिसेंबरअखेर इथे भर दुपारीही माडाची सावली त्याच्या उंचीच्या 80 टक्के लांब, उत्तरेकडे पडते. त्यामुळे पॅनेलची जागा ठरवताना दक्षिणेकडचे माड आधी पाहावेत.