जेत्याचा इतिहास आणि काशीचे उपहासगीत

राजकीय उपहासगीताचे सामर्थ्य केवळ त्याच्या काव्यगुणांत नसते. इतिहासातील कोणता क्षण ते निवडते, यावरही ते अवलंबून असते. वॉरन हेस्टिंग्जच्या पलायनावर काशीत रचली गेलेली, मुखपरंपरेने चालत आलेली तुकबंदी या दृष्टीने विचारार्ह आहे.

कंपनी सरकारने १७७८ पासून राजा चेतसिंगाकडे ठरलेल्या खंडणीखेरीज दरसाल ५ लाख रुपये युद्धखर्चासाठी मागण्यास आरंभ केला. कुचराईचा ठपका ठेवून हेस्टिंग्जने १६ ऑगस्ट १७८१ रोजी त्याला शिवाला येथील वाड्यात अटकेत ठेवले. पहाऱ्यावरील शिपायांपाशी दारूगोळा नव्हता. राजाच्या माणसांनी त्यांना कापून काढले आणि एकमेकांस बांधलेल्या पागोट्यांच्या आधाराने राजा खिडकीतून गंगेकडे उतरून निसटला. पाच दिवसांनी, रात्रीच्या अंधारात, गव्हर्नर जनरलने चुनारचा किल्ला गाठला.

या साऱ्यातून अनाम कवीने एकच चित्र उचलले: पळण्याच्या घाईत हौदा घोड्यावर चढला आणि खोगीर हत्तीवर! असे घडले की नाही, हा प्रश्न गौण होय. हत्तीवरील हौदा हे सत्तेचे चिन्ह. त्याचीच जागा चुकली की सत्तेचा दरारा क्षणात हास्यास्पद ठरतो.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्येही राजकीय व धार्मिक पक्षभेदांतून अशी गीते उदंड निपजली. तेथे ती छापील पत्रकांवरून विकली जात. सॅम्युएल पेपिससारख्या संग्राहकामुळे अनेक टिकून राहिली. दुसऱ्या जेम्सविरुद्धच्या १६८८ च्या क्रांतीत गाजलेले 'लिलिबुलेरो' हे कॅथलिक आयरिशांची टर उडविणारे गीत अखेर विजयी पक्षाचे गीत ठरले. काशीच्या तुकबंदीला ना छापखाना लाभला, ना विजय.

कारण पुढील इतिहास सर्वस्वी विपरीत आहे. चेतसिंगाचे राज्य गेले. महादजी शिंद्यांच्या आश्रयाने तो ग्वाल्हेरीस राहिला व १८१० मध्ये तेथेच वारला. काशीची खंडणी वाढली. पार्लमेंटपुढील अभियोगातून हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. गीत यांपैकी काहीच सांगत नाही. ते जेत्याच्या भयाची एकच रात्र जतन करते. इतिहासग्रंथ म्हणून ते अपुरे आहे, हे खरे. परंतु पराजितांच्या मनाचा दस्तऐवज म्हणून त्याची जागा दुसरे कोणतेही साधन घेऊ शकत नाही.