सून घरची, सासू मात्र परकी!

बंगळुरूच्या दक्षिणेस, जयप्रकाश नारायणांचे नाव मिरवणाऱ्या जे. पी. नगरात, 'रंगशंकरा' नाट्यगृहाच्या आसपासच्या सदनिकांत पुणे, सोलापूर, बेळगावहून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे राहतात. अशाच एका घराची कल्पना करावी. सून संगणक कंपनीत नोकरी करते. नवऱ्याचा छोटा व्यवसाय बुडाल्याने त्याला सध्या करपात्र उत्पन्न नाही. घरात दोन मुले, अडुसष्ट वर्षांची सासू आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजेसासू. सहा माणसे, एक स्वयंपाकघर आणि एक पगार. आता आयकर कायद्याच्या नजरेने या घराची शिरगणती करू या.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्याला आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वजावट मिळते. १९६१ च्या कायद्यात हे कलम '८० डी' म्हणून ओळखले जाई. स्वतः, जोडीदार व अवलंबित मुले यांच्यासाठी २५ हजार रुपये आणि आईवडिलांसाठी आणखी २५ हजार. ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५० हजार. येथील 'आईवडील' म्हणजे करदात्याचे स्वतःचे. म्हणजे या सुनेने सासूचा हप्ता भरला तर वजावट शून्य. आजेसासू तर यादीतच नाही. उलट सुनेचे आईवडील पुण्यात भक्कम निवृत्तिवेतनावर स्वतंत्र राहत असले, तरी त्यांच्या हप्त्यावर ती ५० हजारांपर्यंत वजावट घेऊ शकते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह, ही १५,६०० रुपयांची बचत होते. कारण आईवडील अवलंबित असलेच पाहिजेत, अशी अट येथे नाही. जी अवलंबून आहे ती मोजली जात नाही आणि जे अवलंबून नाहीत ते मोजले जातात, असा हा न्याय आहे. दिव्यांग अवलंबितांच्या '८० डीडी' या तरतुदीत भाऊबहीण येतात. सासूसासरे तेथेही नाहीत.

कायदेकर्त्यांना सासर हे नातेच ठाऊक नव्हते, असे म्हणावे तर तसेही नाही. याच सासूने आपले घर पुरेशा मोबदल्याविना सुनेच्या नावे केले, तर त्याचे भाडे सासूच्याच उत्पन्नात जोडले जाते. कर चुकू नये म्हणून 'मुलाची पत्नी' हे नाते कायद्याने आवर्जून टिपून ठेवले आहे. भेटीच्या तरतुदीत 'नातेवाईक' या शब्दाची व्याप्ती जोडीदाराच्या आईवडिलांपर्यंत, आजीआजोबांपर्यंत जाते. एकाच कायद्यात कुटुंबाची वर्तुळे तीन आणि त्यांतील सर्वांत लहान वर्तुळ नेमके औषधपाण्याच्या वाट्याला आलेले.

संसदेने कर्तव्याचे वर्तुळ मात्र रुंद ठेवले. डिसेंबर २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा झाला. त्यात 'अपत्य' या शब्दात मुलगा-मुलीबरोबर सज्ञान नातू-नातही आले. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आजीला नातवाकडे निर्वाह मागण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी आईवडिलांच्या विमाहप्त्यासाठी १५ हजारांची वेगळी वजावट दिली. आजीचा त्यात उल्लेख नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मंत्री थावरचंद गेहलोत यांनी दुरुस्ती विधेयक मांडले. त्यात सून व जावई यांच्यावरही निर्वाहाची जबाबदारी टाकली होती. गेहलोत २०२१ मध्ये कर्नाटकचेच राज्यपाल झाले. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि १७ व्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. ते संमत झाले असते, तर सासूला न सांभाळल्याबद्दल सुनेला न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागले असते. सांभाळल्याबद्दल करात मात्र एक रुपयाचीही सूट मिळाली नसती.

हे टाळता येते, याचा पुरावा सरकारच्याच घरात आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत महिला कर्मचाऱ्याला आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एका जोडीची निवड करता येते. अवलंबित ठरण्यासाठी दरमहा ९,००० रुपये व त्यावरील महागाई भत्ता अशी उत्पन्नमर्यादाही आखून दिली आहे. आरोग्य मंत्रालयाला जी व्याख्या जमते ती अर्थ मंत्रालयाला का जमू नये?

'हिंदू अविभक्त कुटुंब' हा मार्ग आहेच, असे करसल्लागार सुचवतात. असे कुटुंब स्वतंत्र करदाता आहे आणि त्याला कोणत्याही सदस्याच्या हप्त्यावर वजावट मिळते. परंतु पगार हे व्यक्तीचे उत्पन्न असते, कुटुंबाचे नव्हे. वडिलोपार्जित मालमत्ता असलेल्यांची ही सोय आहे. बॅग घेऊन बंगळुरू गाठणाऱ्या नोकरदाराची नाही आणि ख्रिस्ती वा मुस्लिम कुटुंबांची तर नाहीच.

नव्या करप्रणालीने हा प्रश्न वेगळ्याच रीतीने निकालात काढला. २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. तिच्यात दर कमी आहेत. पण या वजावटी नाहीत. २०२५ च्या अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचे नियमित उत्पन्न करमुक्त केले, हा दिलासा मोठाच. मात्र त्यापुढे वीस लाख मिळवणारा एकटा तरुण आणि तेवढ्याच पगारात सहा माणसे पोसणारी सून, दोघांना कर सारखाच. करक्षमतेनुसार कर, हे तत्त्व आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. येथे ते पगाराच्या चिठ्ठीपाशीच थांबते.

सुधारणेची संधी नुकतीच येऊन गेली. ८१९ कलमांच्या जागी ५३६ कलमांचा नवा आयकर कायदा लोकसभेने ११ ऑगस्ट २०२५ रोजी विरोधकांच्या घोषणाबाजीत, चर्चेविना संमत केला. तो १ एप्रिल २०२६ पासून अमलात येईल, असे ठरले. भाषा सोपी करणे हा हेतू, धोरण बदलणे नव्हे, असे सरकारचे म्हणणे होते. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले. सासू होती तेथेच राहिली.

सिंगापूरचा दाखला येथे उपयोगी पडतो. तेथे अवलंबित ज्येष्ठासोबत राहणाऱ्या करदात्याला ९,००० डॉलरची, वेगळे राहून सांभाळणाऱ्याला ५,५०० डॉलरची वजावट मिळते. या ज्येष्ठांत जोडीदाराचे आईवडील आणि दोघांचेही आजीआजोबा येतात. आपल्याकडे गैरवापराची भीती दाखवली जाईल. परंतु वजावटीसाठी विमाहप्ता रोखीने भरता येत नाहीच. त्यात अवलंबिताचा 'पॅन' आणि उत्पन्नमर्यादा जोडली, तर एकाच सासूवर दोघांना दावा सांगता येणार नाही.

कुटुंबव्यवस्थेचा गौरव सर्वच पक्षांचे सदस्य सभागृहात करतात. त्यांच्याकडे मागणी छोटीच आहे: निर्वाहाच्या कायद्यात आणि कराच्या कायद्यात कुटुंबाची व्याख्या एकच असावी. सरकारला वृद्धांचा भार घराने उचलायला हवा असेल, तर जे. पी. नगरातील त्या घरात माणसे सहा आहेत, एवढे तरी त्याने मोजून घ्यावे.