कुंभारजुव्याची संथ जलवाट

होडीतला फेरफटका म्हटला की आपणा कोल्हापूरकरांना रंकाळा आठवतो. इंग्लंडात मात्र लोक जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबोळ्या नावेत बसून दिवसभर कालव्याने हिंडतात. नाव एवढी अरुंद का? तर अठराव्या शतकात बांधलेल्या तेथील पुष्कळशा जलद्वारांची रुंदीच तेवढी. ती वाट हौसेसाठी नव्हे, कोळशासाठी खणली होती. असा संथ प्रवास आपल्या शेजारी करावयाचा, तर गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यावर जावे.

नावाने तो कालवा. वस्तुतः तो कोणी खणलेला नाही. मांडवी आणि झुआरी यांना जोडणारा हा भरती-ओहोटीचा नैसर्गिक फाटा आहे. त्याच्यामुळेच तिसवाडी हे बेट झाले. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले, ते याच परिसरात. २०१६ च्या कायद्याने ही सुमारे १७ किलोमीटरची वाट राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ ठरली.

नाव सावकाश जाते, म्हणून काठ नीट पाहता येतो. तिवरांपाशी मगरी उन्हात पडलेल्या असतात. पलीकडे खाजण शेती. तिच्या मातीच्या बांधात लाकडी दारांचे ‘मानस’ असते. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच दार मिटते. ओहोटीला आतले पाणी बाहेर पडते. इंजिन नाही, वीज नाही. मात्र बांध सर्वांनी मिळून राखावा लागतो. एके ठिकाणी खिंडार पडले, तर साऱ्यांचे भात खारावते. पौषात येथे मातीची मगर घडवून पुजतात, तिला ‘मानगे थापणी’ म्हणतात. एकजूट म्हणजे काय, हे या बांधाइतके सोपे करून आम्हांला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही.

पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचे होते. तेव्हा लोहखनिजाचे बार्ज याच वाटेने मुरगाव बंदराकडे जात. २०१२ साली खाणी थांबल्या. काही काळ चालू होऊन २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केल्यावर, पुन्हा थांबल्या. कायदा मोडून खणणे थांबलेच पाहिजे, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु परवान्यावर ज्याची सही नव्हती, त्या खलाशाची चूलही त्याबरोबर थंडावते, हे विसरता कामा नये. इंग्लंडच्या नावाड्यांनीही १९२३ साली मजुरीकपातीविरुद्ध ब्राउन्स्टन येथे काही आठवडे संप केला होता. आज त्याच पाण्यावर प्रवासी चहा घेत जातात.

मग सहल करू नये काय? अवश्य करावी. फुरसत ही चैन नव्हे, ती झगडून मिळविलेली वस्तू आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. तेव्हा कुंभारजुव्याला जाल, तेव्हा मगरी पाहाच. पण नाव चालविणाऱ्याला त्याची सुटी कोणत्या वारी असते, हेही एकदा विचारा.