डब्यावरचा हिरवा त्रिकोण कॅन्सरबद्दल काही सांगत नाही

कृषी केंद्रात फवारणीचं औषध घेताना शेतकरी आधी डब्यावरचा त्रिकोण बघतो. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ‘हिरवं आहे, काय होत नाही,’ म्हणत उघड्या हातानं औषध कालवणारे गावोगाव दिसतात.

हा रंग ठरतो तो एकदाच दिलेल्या मात्रेवरून. पाजल्यावर निम्मे उंदीर किती मात्रेत मरतात ते बघतात. किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मेले तर लाल, ५००० च्या वर लागले तर हिरवा. म्हणजे रंग तत्काळ विषबाधेचा. वीस वर्षं पाठीवर पंप घेतल्यावर काय होईल, याचा त्याच्याशी संबंध नाही.

त्याची चाचणी वेगळी आणि लांबलचक असते. प्रत्येक गटात किमान ५० नर, ५० माद्या. एका गटाला नुसतं खाद्य, बाकी तिघांना बहुधा खाद्यातूनच कमी, मध्यम आणि जास्त मात्रा. मोठ्या जातीच्या उंदरांवर हे २४ महिने चालतं, लहान उंदरांवर साधारण १८. त्यांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, म्हणजे जवळपास जन्मभर. नंतर प्रत्येकाचं लिव्हर, किडनी, मूत्राशय असे अवयव काढून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. औषध न दिलेल्या उंदरांनाही म्हातारपणी गाठी होतातच, म्हणून मोजायचा तो दोन गटांतला फरक.

मात्रा एवढी जास्त कशाला? हजारात एकाला होणारा कॅन्सर पन्नास उंदरांत दिसणारच नाही, म्हणून. पण त्यातून चकवाही होतो. सॅकरिनच्या भरमसाट मात्रेनं नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. पुढं कळलं की कारण उंदराच्या लघवीच्या घडणीत आहे, माणसाला ते लागू नाही. २००० साली अमेरिकेनं सॅकरिन संशयितांच्या यादीतून काढलं.

म्हणून उंदरांचं खोटं असतं, असंही नाही. आपल्या शेतातले पीव्हीसी पाइप ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून बनतात, त्यानं उंदरांना लिव्हरचा दुर्मिळ कॅन्सर होतो, हे इटलीत चेझारे माल्तोनी यांना १९७० नंतर लगेचच दिसलं होतं. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या कारखान्यात कामगार त्याच कॅन्सरनं गेल्याचं बाहेर आलं. तिथं कामाच्या जागी हवेत दहा लाखात ५०० भाग वायू चालत होता. त्याच वर्षी निघालेल्या नियमानं तो १ भागावर आणला.