सुट्या भागाचा पत्ता

माझ्याकडे एक गिटार आहे. अमेरिकेत बनलेली, विजेवर वाजणारी, वयाने साठीच्या आसपास. एके काळी मुंबईत सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांना वाजवणाऱ्या एका वृद्ध गोवेकर वादकाने ती माझ्या हाती दिली. त्या जमान्यात असे वाद्य भारतात मिळवणे सोपे नव्हते, पण त्याने पैसे घेतले नाहीत. एकच अट घातली : "भिंतीवर टांगून ठेवू नको पुता, वाजती ठेव."

गिटार तेव्हा वाजत नव्हती. आवाज कमी-जास्त करण्याचा नॉब नव्हता. पिकअप निवडण्याच्या स्विचचे दोन स्क्रू असतात; त्यांतला एक हरवला होता आणि दुसऱ्याचे आटे गेले होते, त्यामुळे स्विच आत लोंबकळत होता. सहा खुंट्यांपैकी दोन खुंट्यांची प्लॅस्टिकची टोके भुगा होऊन गळली होती. सगळे मिळून एका सुपारीच्या वजनाचा ऐवज. मी कंपनीला पत्र लिहिले.

पहिल्या उत्तरात अनुक्रमांक मागितला. दुसऱ्यात हे मॉडेल आता बनत नसल्याचे कळवून अधिकृत विक्रेत्याकडे जायला सांगितले. विक्रेता सज्जन होता, पण त्याच्या संगणकात चालू वर्षाच्या यादीपलीकडे काही दिसत नव्हते. चार महिन्यांनी 'जुन्या धाटणीचे' म्हणून एक पाकीट आले. त्यातल्या वस्तूंपेक्षा टपालखर्च कितीतरी जास्त. नॉब दांडीवर बसेना, स्क्रू दीड फेरा फिरून अडकला. मग मी विचारले, "भाग नसेल तर राहू द्या, मूळ स्क्रूचे माप तरी कळवाल का?" उत्तर आले : तांत्रिक आराखडे ग्राहकांना देण्याची पद्धत नाही.

भाग नाही हे मी समजू शकत होतो. साठ वर्षे कोण साठा ठेवणार? पण माप का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. त्याचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट मला गिटारचे पोट उघडल्यावर कळली. 'कंपनीची गिटार' असे आपण म्हणतो, पण गिटारची कंपनी ही मुळात सुतारकामाची कंपनी असते. लाकूड तिचे, रंग तिचा, बहुधा पिकअपही तिचे. बाकीचा लोखंडी-पितळी संसार बाजारातून आणलेला असतो. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक नामांकित गिटारींच्या खुंट्या शिकागोच्या क्लूसन या कारखान्यातून येत. आवाज नियंत्रित करणारे पोटेन्शिओमीटर, म्हणजे वादकांच्या भाषेत 'पॉट', हे तर रेडिओचेच भाग. ते बनवणाऱ्यांना गिटारशी काही देणे-घेणे नव्हते. रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांसाठी ते लाखोंनी बनत, त्यांतली एखादी पेटी गिटारवाले घेत.

या पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात, आणि ते वाचता आले की एक दार उघडते. पहिले तीन आकडे म्हणजे बनवणाऱ्याचा संकेत : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. '१३७ ६५१२' असे दिसले, तर तो पॉट सीटीएसने १९६५च्या बाराव्या आठवड्यात बनवला. गिटार त्याआधीची नसणार, एवढे त्यावरून कळते. नंतरची मात्र असू शकते, कारण पॉट कपाटात काही महिने पडून राहिलेला असू शकतो. म्हणजे ज्याला मी कंपनीचा भाग समजून कंपनीकडे मागत होतो, तो तिचा कधी नव्हताच. मी चुकीच्या पत्त्यावर पत्रे पाठवत होतो.

दुसरी गोष्ट आट्यांची. नॉब आणि स्क्रू का बसले नाहीत, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टला लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये एक प्रमाण सुचवले : आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४मध्ये फिलाडेल्फियात दुसरे प्रमाण मांडले : कोन ६० अंश. या पाच अंशांच्या फरकाने दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांना फार छळले, आणि अखेर १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून समान आटे ठरवले. मेट्रिक जग मात्र वेगळेच राहिले.

माझ्या स्विचचा स्क्रू अमेरिकन पद्धतीचा 'सहा-बत्तीस' होता. सहा हा जाडीचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३.५ मिलिमीटर; बत्तीस म्हणजे एका इंचात बत्तीस आटे, म्हणजे दोन आट्यांतले अंतर ०.७९ मिलिमीटर. कंपनीने पाठवलेला स्क्रू मेट्रिक होता : जाडी तीच साडेतीन, पण आट्यांतले अंतर ०.६. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ. पहिला फेरा सुखाने जातो, दुसऱ्याला अडतो, आणि माणसाने जोर लावला की जुन्या भोकातले आटे कायमचे जातात. नॉबचेही तेच. अमेरिकन पॉटची दातेरी दांडी पाव इंचाची आणि तिला २४ दाते. मेट्रिक दांडी सहा मिलिमीटरची आणि दाते १८. मेट्रिक नॉब अमेरिकन दांडीवर ठोकला तर तडकतो. आज अनेक नावाजलेल्या कंपन्या एकाच बोधचिन्हाखाली दोन्ही जातींची वाद्ये विकतात, अमेरिकेतली इंची आणि आशियातली मेट्रिक. पाकिटावर 'जुन्या धाटणीचे' लिहिलेले असते, ते दिसण्यापुरते.

खुंट्यांच्या टोकांची कथा आणखी निराळी. त्या काळची काही प्लॅस्टिके काळाबरोबर आपोआप विघटित होतात : आकसतात, ठिसूळ होतात, शेवटी भुगा होतात. सेल्युलॉइड तर विघटित होताना आम्लयुक्त वायू सोडते आणि शेजारच्या धातूलाही गंज चढवते. म्हणजे असे भाग वापरून झिजत नाहीत, नुसते पडून राहूनही मरतात. गोदामात साठ वर्षांपूर्वीचा कोरा साठा सापडला असता, तरी त्याचा उपयोग झाला असता याची खात्री नव्हती.

पण माप? ते तर कागदावर असते, त्याला गंज चढत नाही. इथे तिसरी गोष्ट येते. कंपनीचे नाव टिकते तेव्हा कंपनी टिकलीच असे नसते. दोन सर्वपरिचित इतिहास पाहा. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५०मध्ये त्याने बाजारात आणलेल्या गिटारची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली होती. बिघडली तर काढा, दुसरी बसवा, हा दुरुस्ती करणाऱ्याचा विचार त्या रचनेत होता. १९६५च्या जानेवारीत ही कंपनी सीबीएस या प्रसारण समूहाने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. १९८५मध्ये कंपनीतल्याच लोकांनी गुंतवणूकदारांच्या साहाय्याने ती परत मिळवली, पण त्या व्यवहारात फुलर्टनचा जुना कारखाना नव्हता. दुसरा इतिहास गिब्सनचा. मिशिगनमधल्या कॅलमझू गावी १९०२पासून वाढलेल्या या कंपनीने १९७०च्या दशकात नॅशव्हिलला नवा कारखाना उभारला आणि १९८४मध्ये कॅलमझूचा बंद केला. तिथल्या काही कारागिरांनी गाव सोडले नाही. त्याच जुन्या वास्तूत त्यांनी १९८५मध्ये 'हेरिटेज' नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. नाव एकीकडे गेले, हात दुसरीकडे राहिले. अशा स्थलांतरांत कोणता साचा कोणत्या पेटीत गेला आणि कोणती वही भंगारात गेली, हे मागून कोणी सांगू शकत नाही.

कायद्याचा आधार शोधला तर तोही अपुरा. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून धुलाईयंत्रे, शीतकपाटे वगैरेंचे सुटे भाग सात ते दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. २०२४मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देशही आला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये याच विषयावर समिती नेमली आणि चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. वाद्ये या याद्यांत नाहीत. असती तरी दहा वर्षांची मुदत ही धुलाईयंत्राच्या आयुष्याची मोजणी आहे. चांगले वाद्य दहाव्या वर्षी नुकते वयात येते.

या सगळ्यात मला मिरजेची आठवण होत होती. तिथे एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीची लाकडी खुंटी निमुळत्या भोकात केवळ घर्षणाने उभी असते. झिजली, फिरू लागली, की खडू लावतात; त्यानेही भागले नाही तर कारागीर नवी खुंटी तासून त्याच भोकात बसवतो. तो अनुक्रमांक विचारत नाही. एका सतारीची खुंटी दुसरीला बसत नाही, म्हणून 'सुटा भाग' अशी वस्तूच तिथे नाही, आणि म्हणूनच तो कधी 'उपलब्ध नाही' असेही होत नाही. अर्थात या व्यवस्थेची किंमत आहे. माप कारागिराच्या हातात असते, कागदावर नसते. पुढची पिढी त्या पाटावर बसली नाही, तर विद्या माणसाबरोबर जाते.

कारखान्याच्या वस्तूचे वचन नेमके उलटे होते : माणूस कोणीही असो, माप एक असले की भाग बसेल. हे वचन मोठे आहे, व्हिटवर्थपासून जगाने त्यावर यंत्रयुग उभे केले. पण ते माप सर्वांना ठाऊक असेल तरच पाळले जाते. माप कपाटात बंद झाले, की हातात ना मिरजेचा कारागीर राहतो ना कारखान्याचे वचन. म्हणून जुन्या वस्तूच्या मालकाने कंपनीकडे भाग मागण्यापेक्षा आराखडा मागावा, आणि कंपनीने निदान उत्पादन थांबवलेल्या वस्तूंची मापे खुली करावीत, असे मला वाटते. सहा-बत्तीसच्या स्क्रूत कोणते व्यापारी गुपित आहे?

माझा प्रश्न कसा सुटला ते सांगतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने आहेत. तिथल्या एका दुकानदाराला मी व्हर्निअरने घेतलेले माप दाखवले. त्याने मोडक्या संगणकाची पेटी पुढे ओढली आणि हार्ड डिस्कचे चार स्क्रू काढून दिले. टेबलावरच्या संगणकाची रचना अमेरिकेत ठरली, म्हणून त्याच्या साडेतीन इंची हार्ड डिस्कला आजही सहा-बत्तीसचेच स्क्रू लागतात. जे मी सातासमुद्रापलीकडे मागत होतो, ते पुण्याच्या भंगारात होते. डोके वेगळे, लांबी जेमतेम, पण आटे तेच. स्विच घट्ट बसला.

नॉबसाठी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. वयस्कर माणूस, अजूनही सुतात बोलणारा; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोन सुताची दांडी आहे," एवढे त्याने पाहूनच सांगितले. दात्यांच्या भानगडीत न पडता त्याने पितळी नॉबला पाव इंची भोक पाडले आणि बाजूने बारीक स्क्रू लावून तो दांडीवर आवळला. खुंट्यांची टोके परदेशातल्या एका छोट्या स्वतंत्र कार्यशाळेकडून मागवली. खुंटीची दांडी सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवायची आणि टोक त्यावर हलकेच दाबायचे. प्लॅस्टिक तेवढ्यापुरते वितळून दांडीला धरते. पहिले टोक मी तिरके बसवले. ते अजून तिरकेच आहे.

जुना स्क्रू आणि गळलेल्या टोकांचा भुगा मी फेकला नाही. संग्राहकांच्या लेखी मूळ भागाला किंमत असते हे एक कारण. खरे कारण असे, की मोडका भाग हाच शेवटचा आराखडा असतो. तो फेकला की माप घ्यायलाही काही उरत नाही. एका पाकिटात ते तुकडे, आणि सोबत एका कागदावर सगळी मापे : जाडी, आटे, दात्यांची संख्या, पॉटवरचे आकडे, लेथवाल्याने काय केले तेही. पाकीट गिटारच्या पेटीत आहे. घरातल्या जुन्या पेटीचे, शिवणयंत्राचे, रेडिओचे असेच पाकीट कोणीही करू शकतो. त्याला व्हर्निअर, पेन्सिल आणि एक दुपार एवढेच लागते.

गिटार घेऊन मी त्या वृद्ध वादकाकडे गेलो. त्यांनी ती मांडीवर घेतली, पितळी नॉबवर बोट फिरवले. "हा आपला न्हय," ते म्हणाले. मी म्हटले, "नाही अंकल, भोसरीचा आहे." त्यांनी नॉब थोडा फिरवला, आवाज वाढला, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही दोघे काही बोललो नाही.