भंगारातील विष आणि सम्यक आजीविका

आपल्या वस्तीत सकाळी भंगारवाल्याची हाक ऐकू आली की आपण बंद पडलेला टीव्ही, जुना मोबाईल किंवा मोडका संगणक त्याच्या हातगाडीवर ठेवतो, चार पैसे घेतो आणि ती वस्तू विसरून जातो. परंतु तिचा प्रवास तेथे संपत नाही. तो कोणाच्या तरी हाताशी, कोणाच्या तरी श्वासाशी जाऊन पोहोचतो.

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार निषिद्ध सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आजचे विष बाटलीत भरून विकले जात नाही, ते यंत्राच्या पोटात दडलेले असते. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

विष कोठे असते?

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत आणि तारा जोडण्याच्या सोल्डरमध्ये शिसे असते. ट्यूबलाईटमध्ये पारा असतो, तर काही जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम. प्लॅस्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनयुक्त रसायने मिसळलेली असतात. वस्तू वापरात असताना सहसा अपाय होत नाही, ती फोडली किंवा जाळली की धोका सुरू होतो. तांब्यासाठी वायर जाळली की डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवले की उरलेले आम्ल गटारात व जमिनीत जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरते आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही.

कायदा काय सांगतो?

युरोपीय संघाने २००३ साली निर्देश काढून १ जुलै २००६ पासून सहा घातक पदार्थांवर मर्यादा घातली. आपल्या देशात २०११ साली ई-कचऱ्याचे स्वतंत्र नियम झाले व ते १ मे २०१२ पासून अमलात आले. पुढे २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली नवे नियम आले. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

या नियमांचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला, वस्तूत विष कमी असावे. शिसे, पारा, विशिष्ट प्रकारचे क्रोमियम आणि ब्रोमीनची दोन प्रकारची रसायने प्रत्येकी ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसावीत, कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे. हे प्रमाण संपूर्ण टीव्हीच्या वजनावर मोजत नाहीत, तर त्यातील प्रत्येक एकजिनसी पदार्थाचे वेगळे मोजतात. म्हणजे सोल्डरचा लहानसा थेंब असला तरी त्या थेंबातील शिसेच मोजले जाते. काही ठराविक उपयोगांना यातून सूट आहे.

दुसरा स्तंभ, जो वस्तू बाजारात आणतो त्यानेच तिच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी. उत्पादकाला नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडून प्रमाणपत्रे घेऊन ठरलेले उद्दिष्ट गाठावे लागते. ते २०२३-२४ साठी ६० टक्के होते, २०२७-२८ पासून ८० टक्के होईल.

मग उणीव कोठे आहे?

२०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील मोठा भाग गरिबांच्या हातून जातो. मुंबईत कुर्ला, साकीनाका, तर दिल्लीत सीलमपूर येथील लहान गाळ्यांत हे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. नव्या नियमांत नोंदणी आहे ती निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करणारा व पुनर्चक्रण करणारा यांची. हातगाडीवाल्याला त्यात स्थान नाही. मात्र तोडणी व पुनर्चक्रणाच्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षितता आणि आरोग्य यांची जबाबदारी याच नियमांनी राज्य शासनावर टाकली आहे. ही तरतूद कागदावर राहू नये, अशी मागणी करणे आपले कर्तव्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामगाराचे जीवन हा राज्यकारभाराचा प्रश्न बनविला, हे आपण विसरता कामा नये. भंगार फोडणारा माणूस दोषी नाही. विष तयार करणारा दुसराच असतो, ते सोसतो मात्र तो.

आपण काय करावे?

वस्तू दुरुस्त होत असेल तर दुरुस्त करून वापरावी. ट्यूबलाईट व बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, फोडू नयेत. घरी वायर जाळू नये व मुलांना जाळू देऊ नये. विहारात वर्षातून एकदा ई-कचरा गोळा करून तो नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा विषय वस्तीत समजावून सांगावा, आणि कायदा शिकणाऱ्यांनी कामगारांच्या नोंदणीसाठी अर्ज लिहून द्यावेत.

शील केवळ विहारात पाळायचे नसते. आपण टाकून दिलेल्या वस्तूने दुसऱ्याच्या लेकराला अपाय होऊ नये, एवढी काळजी घेणे हेही शीलच आहे.

जय भीम!